लाईन गेली की रेकॉर्डिंग गायब? डिशवर चढण्याआधी घड्याळ बघा

जुन्या कॉम्प्युटरमध्ये डिशचं ट्यूनर कार्ड टाकून, लिनक्सवर टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम बसवून ज्यांनी घरच्या घरी टीव्ही रेकॉर्ड करायची सोय केली आहे, त्यांची एकच तक्रार फिरून फिरून येते. आठ-आठ दिवस सगळं बिनबोभाट भरत राहतं. मग एखाद्या संध्याकाळी लाईन जाते, येते, कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि रात्री बघावं तर लावलेला कार्यक्रम नाहीच. कधी अर्धा असतो. कधी नाव बातम्यांचं आणि आत सासू-सुनेची मालिका. दुसऱ्या दिवशी कोणी हात न लावता पुन्हा सगळं ठीक.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या आमच्या पट्ट्यात अशा वेळी माणूस आधी स्लॅबवर चढतो. “मले वाटते भाऊ, डिशच हालली असंन.” डिश हलली असती तर रातोरात जाग्यावर परत आली नसती. जो बिघाड आपोआप येतो आणि आपोआप जातो, तो डिशमध्ये क्वचितच असतो. दुसरा संशय सॉफ्टवेअरवर जातो. मग लोक टीव्हीहेडएंड काढून नव्यानं टाकतात, त्यात मेहनतीनं लावलेली वाहिन्यांची यादी जाते, आणि पुढच्या लोडशेडिंगला तेच रडगाणं.

पुढचं सगळं डीडी फ्री डिशच्या खुल्या वाहिन्यांपुरतं आहे. खासगी डीटीएचच्या वाहिन्या कूटबद्ध असतात, त्या या पद्धतीनं भरल्या जात नाहीत. फ्री डिशवर सह्याद्री आहे, डीडी किसान आहे, बातम्या आहेत, आणि आमच्याकडे रेकॉर्डिंगचा उपयोग मुख्यतः त्याच्यासाठीच. शेतीचा कार्यक्रम लागतो तेव्हा माणूस वावरात असतो, आणि माणूस घरी असतो तेव्हा लाईन नसते.

आधी एक गोष्ट काढा: रेकॉर्डिंग किती वेळेनं चुकलं? पाच मिनिटं, सव्वा तास, साडेपाच तास, की अख्खी वर्षं? हा आकडा हातात आला की अर्धं निदान झालं.

टीव्हीहेडएंडचं वेब पान उघडा (पोर्ट ९९८१), रेकॉर्डरच्या भागात ‘फेल्ड’ नावाची यादी आहे, तिथे प्रत्येक फसलेल्या रेकॉर्डिंगपुढे कारण लिहिलेलं असतं. ‘नो इनपुट डिटेक्टेड’ असेल तर सिग्नल किंवा ट्यूनर बघायचा. डिस्क भरल्याचं लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला, जुनं पुसा. पण लाईन जाणाऱ्या गावात तिथे बहुतेक वेळा ‘टाइम मिस्ड’ असतं. म्हणजे कार्यक्रमाची वेळ येऊन गेली आणि यंत्राला ती कळलीच नाही.

कॉम्प्युटरची दोन घड्याळं

एक घड्याळ मदरबोर्डवर असतं. कॉम्प्युटर बंद असला तरी ते चालतं. दुसरं लिनक्सचं, जे सुरू होताना बोर्डावरच्या घड्याळावरून वेळ उचलतं आणि पुढे इंटरनेट मिळालं की तिथून दुरुस्त करून घेतं. टीव्हीहेडएंड बघतं ते या दुसऱ्या घड्याळाकडे.

बोर्डावरचं घड्याळ कॉम्प्युटर बंद असताना कशावर चालतं? पिन भिंतीत लावलेली असेल आणि लाईन असेल तर पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर. लाईनच नसेल तर बोर्डावरच्या बटणाएवढ्या सेलवर. घोळ इथे होतो. आपण घेतो ते कॉम्प्युटर बहुतेक नागपूर-अमरावतीच्या ऑफिसांतून निघालेले, सेकंडहँड. तिथे वर्षानुवर्षं पिन लावलेली आणि लाईन क्वचित जाणारी. सेल मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही, कारण त्याला कामच पडत नाही. तोच डबा गावात आणला की पहिल्याच आठवड्यात त्या मेलेल्या सेलवर रोज दोन-तीन तासांचा भार येतो.

आता यातला फसवा भाग. सेल मेला असेल तर लाईन आल्यावर घड्याळ २००९ किंवा तसल्याच कुठल्या तरी सालावर जायला पाहिजे, आणि मग कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण आजकालच्या बऱ्याच लिनक्समध्ये वेळ सांभाळणारी जी सेवा असते (सिस्टमडी-टाइमसिंकडी), ती शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवते. सुरू होताना बोर्डावरची वेळ त्याहून जुनी दिसली तर ती डिस्कवरची वेळ धरते. त्यामुळे स्क्रीनवर तारीख बरोबर दिसते, साल बरोबर दिसतं. घड्याळ फक्त तितकंच मागे असतं जितका वेळ लाईन गेली होती.

समजा सातच्या बातम्या लावल्या आहेत. लाईन साडेपाचला गेली, पावणेसातला आली. यंत्राला वाटतं आत्ताशी साडेपाच वाजलेत. लाईन गेल्यावर गावच्या टॉवरचा जीवही गेलेला असतो, नेट लगेच येत नाही. इथून पुढे तीन वाटा. नेट सव्वासातला आलं तर घड्याळ उडी मारून बरोबर होतं आणि बातम्यांचा शेवटचा अर्धा भाग भरतो. नेट सात-चाळीसला आलं तर यंत्राचं घड्याळ सहा-पंचवीसवरून थेट सात-चाळीसवर जातं. सात ते साडेसात हा काळ त्याच्या हिशेबात उगवलाच नाही, म्हणून ‘टाइम मिस्ड’. आणि नेट रात्री उशिरापर्यंत आलंच नाही तर यंत्र स्वतःच्या सातला, म्हणजे खऱ्या सव्वाआठला, इमानदारीनं रेकॉर्डिंग सुरू करतं, आणि बातम्यांच्या नावाखाली मालिका भरून ठेवतं. अर्धं, गायब, भलतंच. तिन्ही तक्रारींचं मूळ एक.

तपासायचं कसं: इंटरनेट तोडा, कॉम्प्युटर नीट बंद करा, भिंतीतली पिनच काढा आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. मग सुरू करून थेट बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंगचं पान) जा आणि तिथली तारीख-वेळ बघा. लिनक्सच्या स्क्रीनवर बघून उपयोग नाही, ते पांघरूण घालतं हे वर सांगितलंच. बायोसमध्ये जुनं साल दिसलं की सेल संपला.

एक सूचना इथेच. बायोसमधली वेळ साडेपाच तास मागे दिसली तर घाबरू नका आणि ‘दुरुस्त’ही करू नका. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रीनिच वेळ ठेवतं. संध्याकाळी सातला तिथे दुपारचे दीड दिसणं बरोबर आहे.

सेलचा नंबर सीआर २०३२. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तोच, तालुक्याला घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पिन काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. सेलच्या कडेला एक बारीक पत्र्याची जीभ असते, ती नखानं बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. पेचकस घालून उचकटू नका, खाली बोर्डाच्या रेषा असतात. छापील अधिकचं चिन्ह वर ठेवून नवा दाबायचा. मल्टिमीटर असेल तर नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. पावणेतीनच्या खाली आलेला ठेवू नका. पुड्यातले सगळेच सेल ताजे नसतात, म्हणून दुकानातच मीटर लावून घेतलेला बरा.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. वीज परत आल्यावर कॉम्प्युटरनं काय करायचं ही सेटिंग ‘पॉवर ऑन’ किंवा ‘लास्ट स्टेट’ हवी. जुन्या बोर्डांवर सेल संपला की हीसुद्धा पुसली जाते आणि डबा मग लाईन येऊनही झोपून राहतो. दुसरं म्हणजे ‘एफ-वन दाबा’ हा संदेश. सेल मेल्यावर बरेच बोर्ड सुरू होताना चूक दाखवून कोणी तरी बटण दाबायची वाट बघत थांबतात. आपल्या रेकॉर्डिंगच्या डब्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड, त्यामुळे बाहेरून दिवा चालू, पंखा चालू, आणि आत काहीच नाही. बायोसमध्ये अशा चुकीवर न थांबण्याची सोय असते, ती लावून ठेवा.

रास्पबेरी पाय हा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: चौथ्या मॉडेलपर्यंत त्याच्यावर हे घड्याळच नाही, सेल बदलायचा प्रश्नच येत नाही. डीएस ३२३१ नावाचं छोटं घड्याळ मॉड्यूल घेऊन लावावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या निळ्या स्वस्त मॉड्यूलमध्ये सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर २०३२ लावला तर तो फुगू शकतो. एक तर चार्ज होणारा सेल घ्या, नाही तर ते सर्किट तोडा.

नेट येईपर्यंत वेळ उपग्रहाकडून

डिशवरून चित्राबरोबर तारीख-वेळही येत असते. टीव्हीहेडएंडच्या सामान्य सेटिंगमध्ये ‘अपडेट टाइम’ म्हणून पर्याय आहे, तो लावला की ते त्या वेळेवरून कॉम्प्युटरचं घड्याळ दुरुस्त करतं. दोन अटी. घड्याळ बदलायचा अधिकार त्या प्रोग्रामला लागतो, आणि सहसा तो साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो, त्यामुळे नुसती खूण करून काही होत नाही. सेवेच्या फाइलमध्ये त्याला तो अधिकार द्यावा लागतो. दुसरी अट अशी की वेळ मिळायला ट्यूनरनं कुठली तरी वाहिनी पकडलेली पाहिजे. सुरू होताच कार्यक्रमपत्रिका गोळा करायची सेटिंग लावली की तेही साधतं. वाहिनीवरून येणारी वेळ एकदा मोबाइलशी ताडून बघा. मी याला दुय्यम सोय समजतो. आधी सेल, मग हे.

साडेपाच तासांचा फरक

हा आकडा दिसला की सेलला दोष देऊ नका. त्याच कॉम्प्युटरवर विंडोजही असेल, तर पोरांनी दुपारी गेम खेळायला विंडोज लावलेलं असतं. विंडोज बोर्डाच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ ग्रीनिचची समजून त्यात साडेपाच तास मिळवतं. यंत्र पुढे पळतं आणि सातचं रेकॉर्डिंग दुपारी दीडला उरकून मोकळं होतं. विंडोजला ग्रीनिच वेळ वापरायला लावता येतं, रजिस्ट्रीत एक नोंद करावी लागते. पण खरं सांगायचं तर रेकॉर्डिंगच्या डब्यावर विंडोज ठेवूच नये.

उलट, लिनक्स टाकताना कोलकात्याचा टाइम झोन निवडायचा राहून गेला असेल तर कार्यक्रमपत्रिकेवरून लावलेलं बरोबर भरतं आणि हातानं वेळ टाकून लावलेलं मात्र चुकतं. सातचं रात्री साडेबाराला. दोन प्रकारांत असा फरक दिसला की लगेच ओळखा.

पाच-दहा मिनिटांची चूक ही घड्याळाची नसते, वाहिनीची असते. कार्यक्रम उशिरा सुरू होतात. रेकॉर्डिंगच्या आधी दोन आणि नंतर दहा मिनिटं जादा ठेवा, विषय संपला.

इन्व्हर्टर आहे, तरी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो

“अरे पण आपल्याकडे तं इन्व्हर्टर हाय न!” हे काकाजी लोकांचं ठरलेलं उत्तर. इन्व्हर्टरच्या पाठीमागे बघा, बहुतेकांवर एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना लाईनवरून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, त्यात बल्ब नुसता लुकलुकतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएसवर टाकलं की बदल इतक्या लवकर होतो की बरा पॉवर सप्लाय तेवढं झेलतो. (जुन्या सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतील तर तेवढंही झेलवत नाही. असा सप्लाय बदलण्याशिवाय गत्यंतर नाही.)

मग बटण यूपीएसवर टाकून मोकळं व्हावं का? शहरात हो. आपल्याकडे थांबा. यूपीएसवर असताना इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईन लाईनच समजत नाही; नॉर्मलवर शंभराच्या आसपासपर्यंत चालवून घेतो. हिवाळ्यात हरभरा-गव्हाला ओलित सुरू झालं, रात्री थ्री फेज आली आणि शिवारातल्या मोटारी एकदम लागल्या, की गावात व्होल्टेज किती पडतो हे डीपीजवळ राहणाऱ्यालाही माहीत आहे. घरात बल्ब पिवळा का होईना जळत असतो, लाईन आहे असंच वाटतं, आणि इन्व्हर्टर मात्र मुकाट्यानं बॅटरी खात बसलेला असतो. पहाटे खरोखर लाईन जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं.

माझ्या मते इन्व्हर्टर नॉर्मलवरच राहू द्यावा आणि फक्त कॉम्प्युटर व ट्यूनरसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मध्ये लावावा. इन्व्हर्टर बॅटरीवर यायच्या त्या क्षणापुरताच तो लागतो, त्यामुळे लहान पुरतो. एकच अडचण: इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याची वीज काही यूपीएस स्वीकारत नाहीत आणि आपलीच बॅटरी संपवतात. यूपीएस घेताना दुकानदाराला हे विचारून घ्या, शक्य असेल तर घरी लावून पाहायच्या बोलीवर आणा.

नव्यानं करणाऱ्याला मी जुना लॅपटॉप आणि यूएसबी ट्यूनर असं सांगतो. लॅपटॉपची बॅटरी तासभर जरी टिकली तरी यूपीएसचा खर्च वाचतो आणि वीजही कमी लागते. फक्त ध्यानात ठेवा, डिशच्या एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट ट्यूनरकडूनच जातात, म्हणून उपग्रहाच्या यूएसबी ट्यूनरला सहसा वेगळा अडॅप्टर असतो. तो भिंतीवरच्या साध्या बोर्डात, इन्व्हर्टरशिवाय लावला तर लाईन गेल्यावर लॅपटॉप जिवंत आणि ट्यूनर मेलेला. तिथे ‘नो इनपुट डिटेक्टेड’ येतं आणि लोक पुन्हा स्लॅबवर चढतात.

बाकी किरकोळ

रेकॉर्डिंग झालं असं यादीत दिसतं, पण फाइल सापडत नाही: बाहेरची हार्ड डिस्क वापरत असाल तर हे होतं. लाईन आल्यावर डिस्क जागी व्हायच्या आत टीव्हीहेडएंड सुरू होतं आणि त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, आतल्या डिस्कवर, भरायला लागतं. पुढच्या वेळी बाहेरची डिस्क तिथे येऊन बसते आणि आधीची फाइल तिच्याखाली झाकली जाते. फाइल गेलेली नाही; डिस्क सोडवून (अनमाउंट करून) त्या फोल्डरमध्ये पाहा, सापडेल. कायमचा उपाय म्हणजे एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याची लिनक्सची यादी) डिस्क तिच्या यूयूआयडीनं, म्हणजे कायमच्या ओळख क्रमांकानं, नोंदवणं, आणि सेवेच्या फाइलमध्ये ‘ही जागा जोडली गेल्याशिवाय सुरू होऊ नको’ अशी अट घालणं.

क्रिकेटची मॅच दर वेळी तीन तासांच्या आसपास तुटत असेल तर डिस्क एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेली आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि साधी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिटच्या हिशेबानं तासाला १.३५ जीबी खाते. लिनक्सच्या ईएक्सटी ४ मध्ये फॉरमॅट करा (आधीचं सगळं पुसलं जातं).

रेकॉर्डिंगचा प्रोफाइल ‘पास’ ठेवा, म्हणजे टीएस फाइल बनते. भरता भरता लाईन गेली तरी तोवरचा भाग टीएसमध्ये जसाच्या तसा चालतो. मॅट्रोस्का (एमकेव्ही) फाइल अर्धवट राहिली तर पुढे-मागे सरकवताना अडते.

आणि डिशवर चढायचं कधी? संपलेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत ‘डेटा एरर्स’चा रकाना असतो. तिथे एरवी शून्य किंवा किरकोळ आकडा असताना एका दिवसापासून रोज शेकड्यांनी दिसायला लागलं, तेव्हा. आमच्याकडे याचं कारण बहुतेक वेळा वांदरं. वाऱ्यानं डिश हलली तर क्लॅम्पवर घासल्याची चकचकीत रेघ दिसते. वांदरानं उडी घेतली असेल तर पत्र्याची खालची कडच दुमडलेली असते, आणि अशी डिश कितीही फिरवली तरी पहिल्यासारखा सिग्नल देत नाही. पावसाळ्यात अंगणातला कडुनिंब आग्नेयेकडे वाढला असेल तर तोही बघा, ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५ यवतमाळकडून त्याच दिशेला, बऱ्यापैकी उंच दिसतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फुटत असेल, रोज जवळपास त्याच वेळेला, तर काहीच दुरुस्त करू नका. त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशमध्ये त्याचा गोंगाट शिरतो. काही दिवसांत आपोआप थांबतं. अकराचा कार्यक्रम हवाच असेल तर पत्रिकेत त्याचं पुनर्प्रक्षेपण शोधून ते लावा.